अडलेल्या पोरांसाठी कॉलेजात मदतीची साखळी कशी बांधायची

आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्यापैकी कॉलेजात अडलेल्या विद्यार्थ्यासाठी काय काय असतं ते एकदा मोजून बघा. मेंटॉर-मेंटी आहे, विद्यार्थी विकास अधिकारी आहे, स्कॉलरशिपची खिडकी आहे, तक्रार निवारण समिती, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, अँटी रॅगिंग, समान संधी केंद्र, एनएसएस, कमवा आणि शिका, माजी विद्यार्थी संघ, कुठेकुठे समुपदेशक पण आहे. सगळ्यांचे बोर्ड लागलेत, नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत सगळ्यांची इतिवृत्तं लावलेली आहेत. आणि तरी दुसऱ्या सेमला वर्गातली चार-पाच पोरं गायब होतात, कुणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा ते पोरगं एमआयडीसीत बारा तासांच्या शिफ्टला लागलेलं असतं.

मदत नाही असं नाहीये, ती वेगवेगळ्या खोल्यांत बसलीये आणि या खोलीतलं त्या खोलीला माहीत नसतं. पोरगं आधी वर्गशिक्षकाला सांगतं की सर अडचण आहे, सर म्हणतात ऑफिसात विचार, ऑफिसवाले म्हणतात परीक्षा विभागात जा, तिथले म्हणतात एचओडींची सही आण. एकच रडगाणं चार ठिकाणी गायचं म्हणजे पाचव्या ठिकाणी जायची इच्छाच राहत नाही, आणि ज्याला खरी गरज आहे त्यालाच मागायची सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हणून सगळ्या धडपडीचं सूत्र एकच ठेवा: एका पोरामागे एक माणूस, शेवटपर्यंत. बाकीच्या खोल्यांत चकरा त्या माणसाने मारायच्या.

हे मी संलग्न कॉलेजांमधल्या लोकांसाठी लिहितोय, जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी बीए-बीकॉम-बीएस्सी किंवा फार्मसी-इंजिनिअरिंग, जिथे शिकवायचं, पेपर तपासायचे, निवडणुकीची ड्युटी करायची आणि वर हे पण बघायचं असतं. मोठ्या संस्थांमध्ये यासाठी वेगळा डीन असतो, त्यांचं ते बघतील.

नवी समिती काढू नका

समिती काढली की तिला अध्यक्ष लागतो, अध्यक्ष आला की बैठक तिमाहीला होते, आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख काही तिमाही बघून येत नाही. विद्यार्थी विकास अधिकारी बहुतेक कॉलेजात असतोच, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आहे आणि त्याचंच काम हा माणूस कॉलेजात बघतो, तर त्यालाच मध्ये धरा. फक्त ते पद सीनियॉरिटीने दिलेलं असेल आणि त्या सरांच्या केबिनकडे पोरं फिरकत नसतील, तर पद त्यांच्याकडे राहू द्या आणि रोजचं काम ज्यांच्याभोवती तास संपल्यावर पोरं घुटमळत असतात त्या सर-मॅडमना द्या. कोण ते अख्ख्या कॉलेजला माहीत असतं.

सोबत घ्यायची माणसं पाच-सहाच. स्कॉलरशिपचा क्लार्क सगळ्यात आधी, मी तर म्हणेन समुपदेशकाच्याही आधी, कारण निम्मी प्रकरणं त्याच्याच टेबलावर अडकलेली असतात. मग परीक्षा विभागातलं एकजण, होस्टेलचे रेक्टर, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, आणि किमान एक मॅडम ज्यांच्याशी मुली मोकळेपणी बोलतात. समुपदेशक असेल तर उत्तम. नसेल तर २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने दिलेला निकाल व्यवस्थापनासमोर ठेवा, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं असं त्यात आहे. नुसतं 'गरज आहे' म्हणण्यापेक्षा या कागदाने बजेट लवकर हलतं, हा आपला व्यवहार.

या पाच-सहा जणांनी आठवड्यातून अर्धा तास बसायचं, वार ठरलेला, चहा चालेल, प्रोजेक्टर नको. सुट्टी आली तरी दुसऱ्या दिवशी बसायचं. प्राचार्यांकडून एकच गोष्ट लेखी घ्या, की या गटाने सांगितलेली किरकोळ कामं (फॉर्मला दोन दिवस मुदत, फीचे हप्ते, लायब्ररीचा दंड माफ) परीक्षा विभाग आणि अकाउंट्सने त्याच दिवशी करायची. हा कागद हातात नसेल तर तुमची बैठक म्हणजे चहापानच.

टेबलाबाहेरची माणसं पण आहेत. शिपाई मामा, लायब्ररीतले काका, मेसवाल्या मावशी, गेटसमोरचा झेरॉक्सवाला, यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. कुठलं पोरगं दुपारी डबा न खाता रीडिंग रूममध्ये बसून राहतं, कोण दोघांत एक डबा खातंय, कुणी मेसचं खातं बंद केलंय. त्यांना खबरे करायचं नाही हं, नाहीतर पोरं त्यांच्याशी पण बोलायची बंद होतील. 'मावशी, कुणाचं फारच अवघड दिसलं तर मला एक मिस कॉल द्या' इतकंच सांगून ठेवायचं.

तीन याद्या

पोरगं येऊन सांगेल याची वाट बघत बसायचं नाही. दर पंधरा दिवसांनी तीन याद्या काढा: हजेरी एकदम घसरलेले, परीक्षेचा फॉर्म न भरलेले (किंवा भरून फी न भरलेले), आणि महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झालेला असून पुन्हा न भरलेले. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा. जे नाव दोन यादीत आहे त्याला या आठवड्यात गाठायचं, तिन्हीत आहे त्याला आज. याला सॉफ्टवेअर लागत नाही, ईआरपी (कॉलेजची संगणक प्रणाली) असेल तर एक्सेल मिळते, नसेल तर मस्टर आहेच.

हजेरी 'कमी' असणं आणि 'घसरणं' यात फरक आहे. जो जूनपासूनच येत नाही तो कदाचित क्लासला किंवा कामाला जात असेल, त्याचं त्याने जमवलेलं असतं. जी मुलगी ऑगस्टपर्यंत पहिल्या बेंचवर होती आणि गणपतीनंतर आलीच नाही, तिच्याकडे आधी बघा. डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) नोटीस बोर्डवर लावायची पद्धत जमलं तर बंदच करा, त्या लिस्टने कुणी परत आल्याचं मी तरी बघितलं नाही, मित्रांसमोर नाव लागलं म्हणून अजून लपून बसणारे मात्र भरपूर.

वर्षाचं कॅलेंडर पण डोक्यात ठेवा, कारण अडचणी हंगामी असतात. प्रवेशाच्या वेळी फी आणि राहायची सोय. दसऱ्यानंतर बीडकडची आणि आजूबाजूच्या पट्ट्यातली ऊसतोड कुटुंबं कारखान्याकडे निघतात, मग घरी म्हातारी आजी आणि लहान भावंडं, त्यांना बघायला कॉलेजातलं मोठं पोरगं नाहीतर पोरगी गावात अडकते. सोयाबीन-कापसाच्या काढणीला हजेरी पडते, आणि भाव पडला की पुढच्या हप्त्याची फी थकते. पहिल्या सेमचा निकाल लागला की बारावीपर्यंत वर्गात पहिला आलेला पोरगा तीन विषयांत नापास होऊन बसलेला असतो आणि घरी सांगितलेलं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलवर कोण उरलंय ते रेक्टरना विचारा, घरी न जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी कारण असतं.

पहिलं बोलणं

केबिनमध्ये बोलावणं पाठवू नका. 'सरांनी बोलावलंय' म्हटलं की पोरगं घाबरून येतं नाहीतर येतच नाही. कॅन्टीनला, पार्किंगमध्ये, प्रॅक्टिकल संपल्यावर, असं कुठेही गाठा. आणि हजेरीपासून सुरुवात करू नका, ते आरोप केल्यासारखं वाटतं. साधारण असं होतं:

'काय रे, कुठं राहतोस सध्या?'
'रूमवर, सर.'
'मेस कुठली?'
'...मेस नाहीये सर सध्या. करतो काहीतरी.'
'आणि काम?'
'पार्सलचं आहे सर, रात्री. सकाळी उठणं होत नाही हो.'

झालं, तीन प्रश्नांत सगळं समोर आलं. मेस सोडलीये म्हणजे पैसे संपलेत, रात्रीचं काम आहे म्हणून सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं, प्रॅक्टिकल बुडालं की टर्म ग्रँट होणार नाही (परीक्षेला बसता येणार नाही), म्हणजे वर्ष गेलं. आता लगेच सल्ला द्यायचा मोह होईल, की बाबा काम सोड, अभ्यासाकडे लक्ष दे. काम सोडून खाणार काय तो? त्याऐवजी विचारा, 'या महिन्यात सगळ्यात आधी काय सुटायला पाहिजे?' बहुतेकदा उत्तर आपल्याला वाटलं त्याहून लहान निघतं. परीक्षेची फी, प्रॅक्टिकलची बॅच दुपारची करून मिळणं, गावाहून येण्याजाण्याचा एसटीचा पास. ते एक काम आधी करून द्या, बाकीचं तो दुसऱ्या भेटीत आपणहून सांगतो.

आणि कुठल्याही खोलीकडे चिठ्ठी देऊन पाठवू नका, सोबत जा. क्लार्कच्या खिडकीशी तुम्ही शेजारी उभे असाल तर 'उद्या ये' हे उत्तर सहसा मिळत नाही. स्वतः जाणं जमत नसेल तर आधी फोन करून सांगा, आणि संध्याकाळी त्याला विचारा की पोचलास का, काय म्हणाले. 'पाठवलं होतं' हे काम झाल्याचं लक्षण नव्हे.

रजिस्टर एकच ठेवा, कुलपात. त्यात चार रकाने: नाव, काय करायचंय, कोण करणार, कधीपर्यंत. कारण लिहायचं नाही. 'दुपारची बॅच – प्रॅक्टिकलचे सर – शुक्रवार' एवढं पुरतं, बाप दारू पितो की आईचं ऑपरेशन झालंय हे वहीत कशाला हवं, उद्या ती वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आणि बैठकीत पण सगळ्यांना सगळं कळायची गरज नसते, परीक्षा विभागाला मुदत हवीये इतकंच कळलं तरी काम होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं तर अजिबातच नकोत. स्टाफच्या ग्रुपवर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर असते, हे आपल्याला काय नवीन आहे का.

पैशाचं

पैशाच्या अडचणींपैकी बऱ्याच तर मुळात हक्काचे पैसे अडकल्याच्या असतात. म्हणून निधी गोळा करायच्या आधी पोरगं कुठल्या योजनेत बसतं आणि त्याचं कुठे अडलंय ते बघा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, बाहेरगावी राहणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, सरकारी होस्टेलला नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे पण खेड्यातल्या कितीतरी घरांत अजून पोचलेलं नाही आणि पोरीला जवळच्या बीएला घालून मोकळे होतात.

अडतं कुठे? अर्ज बहुतेकदा गावातल्या नेट कॅफेत भरलेला असतो, पासवर्ड त्या कॅफेवाल्याने ठेवलेला आणि मोबाइल नंबरही त्याचाच टाकलेला. अर्ज सेंड बॅक झाला, उत्पन्नाचा दाखला जुना आहे असा मेसेज गेला, तो कॅफेवाल्याच्या फोनवर! पोराला मार्चमध्ये कळतं की आपला अर्ज नोव्हेंबरपासून पडून आहे. दुसरी भानगड आधार सीडिंगची, म्हणजे बँक खातं आधारला जोडण्याची. खातं आहे, आधार पण दिलंय, पण आधारला शेवटचं जोडलेलं खातं भलतंच असतं, कधीतरी दहावीत उघडलेलं आणि आता बंद पडलेलं, पैसे तिकडे जायला बघतात आणि परत फिरतात. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक दिवस कॉम्प्युटर लॅब मोकळी करून घ्या, तिसऱ्या वर्षाची चार-सहा पोरं बसवा ज्यांनी स्वतः हे सगळं भोगलंय, आणि प्रत्येकाचा लॉगिन, मोबाइल नंबर आणि बँक जोडणी तिथल्या तिथे तपासा. सोबत उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, जात पडताळणी यांची यादी आधीच द्या कारण सेतूत आणि तहसीलमध्ये ऐनवेळी गर्दी असते. माझ्या मते वर्षभरात एवढ्या एका दिवसाने जेवढी पोरं वाचतात तेवढी दुसऱ्या कशाने वाचत नाहीत.

खिडकीवर एक पथ्य पाळायलाच लावा: कॅटेगरी मोठ्याने पुकारायची नाही, आणि 'तुम्हाला काय बाबा, सगळं फुकट' छापाचे टोमणे तर नाहीच नाही. असल्या एका वाक्याने पोरगं वर्षभर त्या खिडकीकडे फिरकत नाही. कुणी सरळ जातीवरून बोललं तर ते समजुतीने मिटवायचं प्रकरण नाहीये, ते लेखी तक्रारीचं आहे, आणि तक्रार लिहायला त्या पोरासोबत बसणं हे पण आपल्याच साखळीचं काम.

फीसाठी कुणी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवत असेल तर यूजीसीची २०१८ ची अधिसूचना दाखवा, मूळ प्रमाणपत्रं संस्थेला स्वतःकडे ठेवता येत नाहीत. स्कॉलरशिपचे पैसे पोराच्या खात्यात आले आणि त्यातून फी भरायची असेल तर तारीख आधीच सांगून ठेवा, कारण जूनमध्ये आलेले पैसे घरी बी-खताला जाणं अगदी साहजिक आहे, त्यात पोराला चोर ठरवायचं कारण नाही, हप्ते पाडून द्या.

मग उरतो निधी. माजी विद्यार्थी, स्टाफ, गावातले दोन-चार दुकानदार यांच्याकडून छोटा निधी उभा करा, मोठा लागत नाही. रक्कम लहान ठेवायची आणि लवकर द्यायची, अर्ज-चौकशी-मंजुरीला तीन आठवडे लागले तर तोवर फॉर्मची तारीख गेलेली असते. शक्यतो पैसे थेट परीक्षेच्या काउंटरला नाहीतर मेसवाल्याला द्या. आणि कृपा करून धनादेश देतानाचा फोटो काढू नका. देणगीदार रुसले तर रुसू द्या, त्यांना वर्षाअखेर हिशोबाचा कागद द्या, नावं वगळून.

कमवा आणि शिका ही आपल्याकडची जुनी आणि चांगली गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पोरांनी घाम गाळून शिकायचं ही रीत तिथून रुळली, आणि पुणे विद्यापीठातली योजना आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते. फक्त काम देताना बघा, पोरगं रात्री पार्सल वाटून आलेलं असेल तर त्याला सकाळी बागेत पाणी घालायला लावून उपयोग काय. लायब्ररीत, लॅबमध्ये, ऑफिसच्या डेटा एंट्रीला असं बसून करायचं काम द्या, म्हणजे रात्रीची नोकरी सोडायचा विचार तरी करता येईल त्याला.

अभ्यासाचं थोडक्यात. खेड्यातून मराठी मीडियममधून आलेली पोरं पहिल्या सेमला इंग्रजीवर आपटतात, विषयावर नाही. दोन महिने संध्याकाळी एखाद्या सीनियरने मराठीत समजावून सांगितलं आणि उत्तर इंग्रजीत कसं लिहायचं ते दाखवलं की फरक पडतो. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची मराठी पुस्तकं फुकट आहेत, प्रिंट काढून लायब्ररीत ठेवा. एटीकेटी (नापास होऊन मागे राहिलेले विषय) साचल्या असतील तर सगळे विषय एकदम काढायचा हट्ट करू देऊ नका, दोन धरा, ते सुटू द्या. अपंग विद्यार्थी असेल तर लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ ही मेहेरबानी नाही, नियम आहे, पण त्याचा अर्ज परीक्षा विभागात आधी पोचवावा लागतो आणि तिथेच बरेच राहून जातात.

घरी फोन लावण्याआधी

कॉलेजचा पहिला हात फोनकडेच जातो, पालकांना कळवा. मुलाच्या बाबतीत याने फार तर शिव्या बसतात. मुलीच्या बाबतीत 'तुमची मुलगी तासाला बसत नाही' एवढं एक वाक्य गेलं तरी ट्रंक बांधून घरी आणि उन्हाळ्यात लग्न, असं होतं, आणि हे काही जुन्या काळचं सांगत नाहीये मी. म्हणून आधी तिला विचारा, घरी कुणाशी बोललं तर चालेल. कधी मामा असतो, कधी शिकलेली आत्या, कधी थोरली बहीण. त्यांच्यामार्फत जा. तिने नको म्हटलं आणि जिवाला धोका नसेल तर नको.

घरचे कॉलेजात आले तर त्यांना उभं ठेवू नका. रोज बुडवून, एसटीने आलेले असतात. खुर्ची, पाणी, आणि आधी चांगलं काय आहे ते सांगा, 'काका, पोरगा हुशार आहे, थोडं अडलंय, आपण मिळून बघू.' पोराचे मार्क त्याच्यासमोर बापाला वाचून दाखवणं हा प्रकार टाळाच.

जिवावरचं असेल तर

'आता नकोच वाटतंय सगळं', 'माझ्या नसण्याने कुणाला काय फरक पडणारे', आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांना माफी मागत फिरणं, असं काही कानावर आलं तर बैठकीच्या वाराची वाट बघायची नाही. त्याच दिवशी एकांतात बसून सरळ विचारायचं, 'जीव द्यायचे विचार येतात का तुझ्या मनात?' विचारल्याने ते डोक्यात शिरेल ही भीती आपल्याकडे सर्रास आहे, पण तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो. प्रवचन द्यायचं नाही, आईबापाची आठवण काढून देऊन अजून ओझं टाकायचं नाही, ऐकायचं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, रूमवर पण नाही. टेली मानस १४४१६ हा मानसिक आधाराचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुमच्या समोर लावून द्या. मग जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग नाहीतर जवळचे मानसोपचारतज्ज्ञ, आणि तातडीचं असेल तर १०८. इथे घरी कळवावं लागतं, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नका, 'तुझ्या जिवासाठी लागलं तर एका-दोघांना सांगेन, पण कुणाला ते तुला आधी सांगेन' असं म्हणा.

प्रयत्न झालेला असेल तर ऑफिसात पोलीस केसची कुजबुज सुरू होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ११५ आहे, अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, हे प्राचार्यांना आधीच वाचून दाखवलेलं बरं. म्हणजे ऐनवेळी कुणी दवाखान्याऐवजी प्रकरण दाबायच्या मागे लागणार नाही.

परत आल्यावरचे पहिले दोन आठवडे अवघड. राहिलेली सबमिशन्स कुठली, कुठली माफ, हजेरीचं काय, हे तो यायच्या आधीच त्या-त्या सरांशी बोलून ठरवून ठेवा, त्याला सात केबिनमध्ये जाऊन 'सर मी आजारी होतो' सांगत फिरायला लावू नका. वर्गमित्रांना काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या.

रॅगिंगचा वास आला तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, आणि लैंगिक छळाची गोष्ट असेल तर ती आपल्या अर्ध्या तासाच्या बैठकीत चघळायची नाहीच, थेट अंतर्गत समितीकडे, तिथे आपलं काम सोबत बसण्यापुरतं.

सोडायचंच असेल तर

सगळी पोरं राहत नाहीत. बाप गेला, शेत बघायला कुणी नाही, अशा पोराला 'थांब रे' म्हणून काही होत नाही. पण गुपचूप गायब होणं आणि नीट सोडून जाणं यात फार अंतर आहे. त्याचं ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन जमा राहतात ते) खातं तपासा, आधीच्या सेमचे क्रेडिट जमा झालेत का बघा, ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. नव्या शैक्षणिक धोरणाखाली पहिलं वर्ष पूर्ण झालं असेल तर सर्टिफिकेट, दोन झाली असतील तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, त्याच्या अटी त्या-त्या विद्यापीठाच्या आहेत, त्या परीक्षा विभागाकडून काढून घ्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून असल्याच लोकांसाठी चाललंय, अभ्यासकेंद्र तालुक्याला सापडतं, त्याचा फॉर्म कसा भरायचा ते दाखवून द्या. टीसी, मार्कशीट, डिपॉझिट हे सगळं एकाच दिवशी हातात द्या.

आणि रजिस्टरमधून त्याचं नाव खोडू नका. 'कधीपर्यंत' च्या रकान्यात पुढचा जून लिहा. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की त्या सगळ्या नावांना एकेक फोन लावायचा, नंबर बंद असेल तर त्याच्या गावच्या, आता दुसऱ्या वर्षात असलेल्या पोराला विचारून नवा नंबर घ्यायचा.